मामींच्या पाटल्या कुठे गेल्या?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी महाडच्या बाजारपेठेतून एक फेरी मारावी. दुकानादुकानांत पाटावर नव्या चोपड्या मांडलेल्या असतात, त्यांवर कुंकवाची स्वस्तिके काढलेली असतात, आणि लाह्या-बत्ताशांचा प्रसाद हातावर पडल्याखेरीज कोणी पुढे जाऊ देत नाही. हिशेब आता संगणकात गेला खरा. पण संगणकाला हळदकुंकू वाहायचे तर कुठे वाहायचे? म्हणून चोपडी अजून टिकून आहे. गेली दिवाळी मी मामांकडे महाडला काढली. त्यांचे कापडाचे दुकान. या सदराचे वाचक मला ओळखतातच. सणासुदीलाही जमाखर्च माझी पाठ सोडत नाही. तिथेही सोडला नाही!

त्या वर्षी मामांच्या घरी दुहेरी आनंद होता. पन्नास वर्षे भाड्याच्या जागेत दुकान चालवल्यावर त्यांनी स्वतःची वास्तू घेतली होती. बाजारातलीच एक जुनी, दुमजली इमारत, खालच्या जमिनीसकट. पसंत पडण्याचे कारण एकच, तिचे जोते उंच आहे आणि वर माडी आहे. ज्याने २२ जुलै २०२१ चा पूर पाहिला, त्याला याहून दुसरे कारण सांगावे लागत नाही. सावित्री आणि गांधारी यांचे पाणी त्या दिवशी दुकानात शिरले, ते मामांच्या सगळ्या मालाचा चिखल करूनच ओसरले. २००५ च्या जुलैतही असेच झाले होते. तेव्हा या खरेदीत हौसेपेक्षा धास्तीचा वाटा मोठा होता.

इमारत ठरली ४० लाखांना. बँकेचे कर्ज, मामांची शिल्लक, मामेभावाची बचत असे मिळून ४० लाख उभे राहिले. पण खरेदी म्हणजे नुसती किंमत नव्हे. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकिलाची फी, दलाली यांचा आकडा वर निघाला ३ लाख ३० हजार. तो कुठून आणायचा? तेव्हा मामींनी कपाट उघडले आणि हातातल्या पाटल्या व दोन तोडे मुकाट्याने काढून दिले.

पूजा आटोपली, फराळाची ताटे पुढे आली, आणि मामींनी मला विचारले, "तू ते करांचं लिहितोस ना? मग मला एवढंच सांग. इमारत चाळीस लाखांची आहे हे मला दिसतंय. तिच्या भिंती दिसताहेत. पण वर जे तीन लाख तीस हजार गेले, ते गेले की आहेत?"

वाचकहो, पुष्कळ जाडजूड ग्रंथांतून जो प्रश्न मांडला जातो, तो मामींनी करंजी वाढता वाढता एका वाक्यात मांडला!

मामेभावाचे उत्तर तयार होते. त्याने ते सगळे ३ लाख ३० हजार वर्षाच्या खर्चात टाकून दिले होते. "गेले ते गेले, पण निदान नफ्यातून वजा होतील आणि कर वाचेल," असा त्याचा हिशेब. वर त्याने पुरावाही दिला. तो म्हणाला, "राहता फ्लॅट घेतला तेव्हा मुद्रांक आणि नोंदणीची वजावट मिळाली होतीच की! मग दुकानाला का नाही?"

इथेच पुष्कळ मंडळी फसतात. राहत्या घराच्या मुद्रांकाला मिळणारी वजावट ही सरकारने घर घेणाऱ्याला दिलेली एक सवलत आहे. आयुर्विमा, भविष्यनिर्वाह निधी यांच्या पंगतीत बसवलेली, सगळे मिळून दीड लाखाच्या मर्यादेतली, आणि तीही जुनी कररचना पत्करणारालाच. १९६१ च्या कायद्यात '८०-सी' या नावाने ती घरोघर ठाऊक झाली. व्यापारी जागेचा तिच्याशी संबंध नाही. जी सवलत राहत्या छपराला आहे ती दुकानाच्या फळीला नाही. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांकात एक टक्का सूट मिळते, तीही राहत्या घरालाच; दुकान मामींच्या नावावर घेतले असते तरी ती मिळाली नसती.

मग दुकानाच्या या खर्चाचे काय होते? तो नफ्यातून वजा होत नाही, पण तो नाहीसाही होत नाही. तो इमारतीच्या किमतीला चिकटतो. कायद्याच्या भाषेत तो भांडवली खर्च. रोजच्या धंद्यात जे झिजते, संपते, पुन्हा पुन्हा करावे लागते, तो महसुली खर्च: नोकरांचे पगार, विजेचे बिल, दुकानाचा विमा. आणि एकदाच होऊन वर्षानुवर्षे उपयोगी पडणारी वस्तू ज्यातून हाती येते, तो भांडवली. १९२५ साली इंग्लंडच्या उमरावसभेने एका केबल-कारखान्याच्या दाव्यात हा टिकाऊ फायद्याचा निकष सांगितला आणि आपल्या न्यायालयांनी तो अनेक वेळा वापरला. मुद्रांक भरल्यावाचून मालकी नाही, नोंदणीवाचून खरेदीखत पक्के नाही. म्हणून हे पैसे मालकी मिळवण्याचेच पैसे. चुना आणि विटा यांना जसे पैसे पडतात, तसेच कागदाला पडले.

मामा हे सारे शांतपणे ऐकत होते. आयकर हा विषय ते थोडासा घरचाच समजतात. कारण स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली याच तालुक्यात, रायगडाच्या वाटेवरच्या नाते गावी झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर तेच, आणि १९५० ते १९५६ देशाची तिजोरीही त्यांच्याकडे होती. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले, ही गोष्ट मामा आजही काल घडल्यासारखी सांगतात. तेव्हा कराची गोष्ट निघाली की मामा म्हणणार, "आमच्या चिंतामणरावांनी असते तर सोपे करून सांगितले असते." मी चिंतामणराव नव्हे, पण कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मामेभावाच्या कागदांवरचे आकडे असे होते. मुद्रांक शुल्क २ लाख ४० हजार (याचा दर जागेप्रमाणे व वर्षाप्रमाणे बदलतो, म्हणून वाचकांनी आपापला दर तपासावा). नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. म्हणून ३० हजार. वकिलाने जुने दस्त तपासून शोध-अहवाल दिला आणि खरेदीखत लिहिले, त्याचे २० हजार. आणि दलाली ४० हजार.

"दलालीची पावती?" मी विचारले.

मामेभाऊ ताटातल्या चकलीकडे पाहू लागला. दलाली रोख दिली होती, एकाच दिवशी, आणि पावती घेतली नव्हती. गावात सगळेच असे करतात, असे त्याचे म्हणणे. सगळेच करतात हे खरे. पण कायदा २०१७ सालापासून असे सांगतो की मालमत्ता मिळवण्यासाठी एका माणसाला एका दिवसात १० हजारांहून अधिक रक्कम रोख दिली, तर ती मालमत्तेच्या किमतीत धरायचीच नाही. म्हणजे त्या ४० हजारांवर घसारा नाही. आणि पावतीच नसल्यामुळे पुढे विकताना ते दाखवणेही अवघड. हेच पैसे धनादेशाने दिले असते तर इमारतीच्या अंगाला लागले असते. मामींच्या दागिन्यांतले तेवढे सोने मात्र खरोखरच गेले, हे मला सांगावे लागले. मामी काही बोलल्या नाहीत. मुलाच्या ताटात त्यांनी आणखी एक लाडू वाढला, एवढेच.

उरले २ लाख ९० हजार. ते ४० लाखांत मिळवले की वास्तूची खरी किंमत ४२ लाख ९० हजार झाली. पण अजून एक वाटणी बाकी आहे. इमारत झिजते, जमीन झिजत नाही. म्हणून घसारा इमारतीलाच. १९६७ साली एका चित्रपटगृहाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध सांगितले आहे. मूल्यमापकाच्या अहवालाप्रमाणे जमिनीचा वाटा ३० टक्के होता. तेव्हा जमीन १२ लाख ८७ हजार, इमारत ३० लाख ३ हजार. दुकान-कचेरीच्या इमारतीवर वर्षाला १० टक्के घसारा नफ्यातून वजा करता येतो, आणि तो दरवर्षी उरलेल्या किमतीवर मोजतात. पूर्ण वर्षाचा घसारा झाला ३ लाख ३०० रुपये.

आता मामींच्या पैशांपुरते बघू. २ लाख ९० हजारांतले ७० टक्के, म्हणजे २ लाख ३ हजार, इमारतीत गेले. ८७ हजार जमिनीत. इमारतीतल्या पैशांमागे पूर्ण वर्षाला २० हजार ३०० रुपये वजावट मिळणार, पुढच्या वर्षी थोडी कमी, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडी कमी. दहा वर्षांनी मूळ रकमेचे सुमारे ३५ टक्के शिल्लक राहतील. मामेभावाला जे एका वर्षात वजा करायचे होते, ते असे ठिपक्याठिपक्याने परत येते.

पण पहिल्या वर्षी तेही निम्मेच! याला कारण आपले मुहूर्त. नोंदणी दसऱ्याला झाली आणि दुकानाची फळी उघडायची पाडव्याला. कायदा म्हणतो, खरेदीच्या वर्षी वस्तू १८० दिवसांहून कमी वापरली असेल तर घसारा अर्धा. ३१ मार्चपासून मागे मोजत गेलात तर साधारण ३ ऑक्टोबरला ही रेघ पडते. दसरा कधी तिच्या अलीकडे येतो, कधी पलीकडे. पाडवा मात्र नेहमीच पलीकडे. म्हणून पहिल्या वर्षाचा घसारा ३ लाख ३०० ऐवजी १ लाख ५० हजार १५०. हा अर्धा बुडत नाही. तो किमतीत शिल्लक राहून पुढच्या वर्षांत येतो. तेव्हा मुहूर्त मोडू नका असेच मी सांगेन. मुहूर्ताची किंमत काय पडते ते मात्र ठाऊक असू द्या.

मामेभावाचा चेहरा जरा उतरलेला पाहून मी त्याला एक बरी बातमीही दिली. कर्ज काढण्याचा खर्च हा वेगळा खर्च आहे. गहाणखताचा मुद्रांक, त्याची नोंदणी, बँकेच्या वकिलाची फी, हे इमारत मिळवण्यासाठी नसून पैसा मिळवण्यासाठी आहेत. इंडिया सिमेंट्स या कंपनीने ४० लाखांचे कर्ज काढताना अशा खर्चापोटी ८४ हजार ६३३ रुपये दिले होते. ते महसुली खर्चात धरावेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली दिला. फक्त एक पथ्य पाळावे. पुढे कायद्यात झालेल्या बदलामुळे, कर्ज घेतल्यापासून दुकान प्रत्यक्ष वापरात येईपर्यंतचे व्याज इमारतीच्या किमतीतच मिळवावे लागते. आणि बँकेची सेवा-फी कायदा व्याजातच मोजतो. तेव्हा चोपडीत 'खरेदीचा खर्च' आणि 'कर्जाचा खर्च' अशी दोन पाने वेगळी ठेवावीत. दोन्ही एकाच पानावर कोंबले की हिशेबनीस आणि अधिकारी दोघेही वैतागतात.

भाऊबिजेला मामींचे भाऊ पोलादपूरहून आले. ओवाळणी झाली, जेवण झाले, आणि मला आपल्या गाडीत घालून ते पोलादपूरला घेऊन गेले. महाडपासून अर्ध्या तासाची वाट. मुंबई-गोवा महामार्ग इथून कशेडी घाटाकडे जातो आणि आंबेनळी घाटाचा रस्ता महाबळेश्वराकडे चढतो. अशा नाक्यावर खानावळ चालायचीच. ती त्यांनी नुकतीच पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली होती. त्यांनी हिशेब पुढे टाकला तेव्हा मला हसू आवरेना. भाच्याने जी चूक केली होती तिच्या नेमकी उलट चूक मामाने केली होती! भाडेपट्ट्याचा मुद्रांक, नोंदणी आणि दलाली त्यांनी मोठ्या निष्ठेने 'मालमत्ता' म्हणून लिहून ठेवली होती.

मी म्हटले, "मामा, जागा तुमची झाली का?"

"छे! पाच वर्षांनी मालक म्हणेल तेव्हा उठायचं."

मग जी मालमत्ता आपली नाही तिच्या किमतीत खर्च मिळवायचा कसा? थोड्या वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा असा खर्च धंदा चालवण्याचा महसुली खर्च ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल तसे आहेत. तो सगळा त्याच वर्षी वजा करता येतो. अनामत रक्कम मात्र ना इकडची ना तिकडची. ती परत मिळायची आहे, म्हणून तो खर्चच नव्हे. आणि जागा मिळवण्यासाठी मोठी पागडी किंवा अधिमूल्य दिले असेल तर तो पुन्हा भांडवली. महाडला बिरवाडीच्या बाजूला जी औद्योगिक वसाहत आहे, तिथले भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याने मिळतात. तिथे सुरुवातीला भरलेली मोठी रक्कम म्हणजे भाडे नव्हे, हे उद्योजकांनी ध्यानात धरावे.

दोघा मामांना मिळून मी आणखी एक गोष्ट बजावली. पुष्कळ लहान व्यापारी चोपड्यांच्या कटकटीतून सुटण्यासाठी अंदाजी नफ्याची सोपी पद्धत घेतात. उलाढाल २ कोटींच्या आत (रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींच्या आत) असली तर तिच्या ८ टक्के, बँकेमार्फत आलेल्या पैशांवर ६ टक्के, नफा दाखवायचा आणि मोकळे व्हायचे. सोय मोठी आहे. पण मग भाडे, व्याज, घसारा, भाडेपट्ट्याचा मुद्रांक, काहीच वेगळे वजा होत नाही. इतकेच नव्हे, घसारा मिळाला असे समजून इमारतीची किंमत दरवर्षी कागदावर घटतच जाते. म्हणून ज्या वर्षी मोठी जागा घ्याल, त्या वर्षी ही पद्धत परवडते की नाही याचा हिशेब आधी जाणकाराकडून करून घ्यावा.

खरेदीपूर्वी पाहायच्या दोन गोष्टीही इथेच सांगून टाकतो. सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातली किंमत तुमच्या सौद्याहून दहा टक्क्यांपेक्षा (आणि ५० हजारांपेक्षा) अधिक निघाली, तर तो फरक घेणाऱ्याचे उत्पन्न समजून त्यावर कर लागतो. स्वस्त मिळाले या आनंदात हे विसरू नये. आणि सौदा ५० लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशांतून एक टक्का कर कापून सरकारात भरायचा असतो. तो किमतीचाच भाग, वरचा खर्च नव्हे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, पण ही तत्त्वे तीच.

परत महाडला आलो तो मामी वाट पाहतच होत्या. जमिनीत गेलेले ते ८७ हजार त्यांच्या मनातून जात नव्हते. "इमारतीचे थोडेथोडे मिळतात म्हणालास. मग जमिनीतल्यांचं काय?"

ते सर्वांत उशिरा परत येतात. जमिनीवर घसारा नाही, म्हणून ते पैसे जसेच्या तसे थांबून राहतात. उद्या मामेभावाने, किंवा त्याच्या मुलाने, ही वास्तू विकली तर विक्रीतून जमिनीची मूळ किंमत वजा होईल आणि उरलेल्या नफ्यावरच कर बसेल. त्या मूळ किमतीत मुद्रांकाचा, नोंदणीचा, वकिलाचा वाटा असेल. पण केव्हा? तो दाखवता आला तर! वीस वर्षांनी, तीस वर्षांनी, कागद हातात असला तर. महाडला कागद टिकवणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. २०२१ च्या पुरात मामांच्या जुन्या चोपड्यांचा लगदा झाला होता. नोंदलेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून पुन्हा काढता येते, 'इंडेक्स टू' मिळतो. पण वकिलाची पावती, धनादेशाची नोंद, मूल्यमापकाचा अहवाल हे पुन्हा कोण देणार? १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या जागेला निदान त्या दिवशीचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून घेता येतो. त्यानंतरच्या खरेदीला आपल्या कागदांखेरीज आधार नाही.

"म्हणजे माझ्या पाटल्या त्या कागदांत आहेत," मामी म्हणाल्या.

मी म्हटले, "हो मामी, अगदी तसंच."

त्या उठल्या. कपाटातून लाल मखमलीचा, आता रिकामा झालेला पाटल्यांचा डबा काढला. मुद्रांकाचे चलन, नोंदणीची पावती, वकिलाची पावती, सगळे नीट घडी घालून त्यात ठेवले. मोठे कागद मावेनात, तेव्हा फराळाचा एक पत्र्याचा डबा रिकामा करून पुसून घेतला. दुसऱ्या दिवशी मामेभावाने सगळ्या कागदांची छायाचित्रे काढून एक संच मुंबईला माझ्याकडे पाठवला. आणि दोन्ही डबे नव्या दुकानाच्या माडीवर, सर्वांत वरच्या फळीवर गेले.

पाडव्याला उघडलेले ते दुकान आता चांगले चालले आहे. वाचकहो, यंदा कोणी दुकान, कचेरी, गाळा घेतला असेल तर फराळ आटोपल्यावर एवढे करा: वरखर्चाच्या पावत्या एका ठिकाणी आणा, रोखीने काय गेले ते पाहा, आणि डबा पुराच्या पाण्याच्या वर ठेवा. दिवाळीच्या शुभेच्छा!